दोन रेघा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. चुकलेमाकले पदरात घ्या. आजचे बोलणे सूनबाईच्या परवानगीने करीत आहे.

मागे एकदा न्हाणीघरात मला एक कागदी पट्टी सापडली. तिच्यावर दोन रेघा! सूनबाईला न विचारताच मी आळीभर पेढे वाटले. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते खाल्लेही. ती मात्र दोन दिवस नीट जेवली नाही. ती पट्टी दिवस गेल्याची नव्हतीच. स्त्रीबीज केव्हा सुटेल, ते पाहण्याची होती.

पुढे तिच्याबरोबर मीही डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सांगितले ते असे. बीज सुटण्याच्या साधारण 24 ते 36 तास आधी एलएच नावाचा स्राव शरीरात एकदम वाढतो आणि लघवीत उतरतो. पट्टी तेवढाच दाखवते. दिवस गेल्याच्या पट्टीवर फिकट रेघही चालते. या पट्टीवर मात्र ती शेजारच्या खुणेच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी.

सूनबाईला पीसीओएस आहे. त्यात पुष्कळजणींचा हा स्राव एरवीही चढलेला असतो. पट्टी ‘हो’ म्हणते आणि बीज सुटलेलेच नसते. शिवाय पाळी कधी 40 दिवसांनी, कधी 70 दिवसांनी. पट्ट्या लावाव्यात तरी कोणत्या दिवशी? बीज खरेच सुटले का, हे सोनोग्राफीने किंवा योग्य दिवशी केलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीने कळते. बीज सुटावे म्हणून लेट्रोझोलसारख्या गोळ्याही आहेत. पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

बाईंनी मुलाचीही तपासणी सांगितली, तेव्हा मला राग आला. घरी येऊन विचार केला. मूल दोघांचे, मग तपासणी एकटीचीच का?

भगिनींनो, पट्ट्या टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. पाळी नियमित असेल तर त्यांचा उपयोग होतो. पण पीसीओएस असलेल्या मुलीने केवळ रेघांवर भरवसा ठेवून महिनेच्या महिने घालवू नयेत. लवकर डॉक्टरांना दाखवावे. आणि आम्हां सासवांनी न्हाणीघरात पट्ट्या शोधू नयेत!

सूनबाईला अजून दिवस गेलेले नाहीत. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. सभा संपल्यावर ‘काय गं, काही विशेष?’ असे कोणी तिला विचारू नये, एवढीच माझी विनंती. सांगण्यासारखे झाले म्हणजे तीच सांगेल. पेढेही तीच वाटेल.