शिबिर संपल्यानंतरचे काम

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा की, शिबिरांतून तयार झालेले कार्यकर्ते एकत्र कसे राहतील आणि कामाला कसे लागतील. आता 'आम्ही' म्हणजे कोण, ते आधी सांगायला पाहिजे. कोणी श्रामणेर शिबिर केले, कोणी बौद्धाचार्याचे प्रशिक्षण घेतले, कोणी समता सैनिक दलाच्या शिबिरात कवायत शिकले, कोणी युवक नेतृत्व शिबिरात चार दिवस भाषण करायला शिकले. असे सगळे मिळून आम्ही. आमच्या गटाला नाव नाही, लेटरहेड नाही, अध्यक्षही नाही. बोलायला एक जण उभा असला तरी म्हणणे सगळ्यांचे आहे.

शिबिराचा शेवटचा दिवस तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दहा दिवस एका ताटात जेवलेले, पहाटे एकत्र वंदना केलेले पोरंपोरी निघताना रडतात. एकमेकांचे नंबर घेतात. आणि सहा महिन्यांनी बघावे तर कोणी चाकणच्या कंपनीत, कोणी नागपूरला भरतीची तयारी करत, कोणी अमरावतीला मेसवर, मुली लग्न होऊन दारव्ह्याला, मूर्तिजापूरला, नांदगाव खंडेश्वरला. पोट गावात भरत नाही म्हणून माणूस बाहेर जातो, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की शिबिरावर समाजाने जो पैसा आणि घाम घातला तो त्या माणसाबरोबर गावाच्या वेशीबाहेर जातो काय?

हा प्रश्न आजचा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' नावाची शाळा सुरू केली. लोकशाहीत काम करू पाहणाऱ्या तरुणांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे हा हेतू. प्राचार्यपदाची जबाबदारी सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याकडे दिली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च १९५७ मध्ये ती शाळाही थांबली. पुढची तुकडी निघालीच नाही. आम्ही ही गोष्ट शिबिरात ऐकली तेव्हा सगळे गप्प बसले होते. बाबासाहेबांच्या हातची शाळा, तरी गुरू गेल्यावर चार महिन्यांच्या आत बंद पडते, मग आपल्या दहा दिवसांच्या शिबिराचे काय? शिबिर भरवणारा माणूस, भन्तेजी असोत की गुरुजी, तो कायम राहणार नाही असे धरूनच पुढची जोडणी केली पाहिजे.

त्याच वेळची दुसरी बाजूही आहे. समता सैनिक दल १९२७ पासूनचे. त्याच्या जवानांनी सभा सांभाळल्या, परिषदा सांभाळल्या, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंचा समुदाय आला तेव्हा व्यवस्थेत त्यांचा मोठा वाटा होता. एवढी वर्षे ती माणसे एकत्र राहिली याचे कारण आम्हाला तरी असे वाटते की त्यांना नेमके काम होते. कवायतीचा दिवस होता, सभेचा दिवस होता, आपल्या जागी कोण उभा राहणार हे ठरलेले होते. नुसत्या भेटीगाठीवर माणूस वर्ष-दोन वर्षे येतो. काम असेल तर यायला लागते.

आता जरा मागे जाऊ. भगवान बुद्धांच्या संघात पहिले साठ भिक्खू तयार झाले तेव्हा त्यांनी सगळ्यांना आपल्याजवळ बसवून ठेवले नाही. लोकांच्या हितासाठी फिरा, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नका, असे सांगून त्यांना पाठवून दिले. म्हणजे पांगणे ही कमीपणाची गोष्ट नाही, आपल्याकडे ते पहिल्या दिवसापासून आहे. पण मग ते जोडलेले राहिले कसे? विनयात त्याची हकिकत आहे. मगधचा राजा बिंबिसार बघायचा की दुसऱ्या पंथांचे लोक अष्टमीला, चतुर्दशीला, पौर्णिमेला जमतात, लोक त्यांना ऐकायला जातात. त्याने बुद्धांना सुचवले की आपल्याही भिक्खूंनी जमावे. बुद्धांनी ते मान्य केले. भिक्खू जमू लागले, पण नुसते मुकाट बसायचे. लोक कुरकुर करू लागले की हे बसतात कशाला, काही बोलत का नाहीत? मग बुद्धांनी सांगितले की जमल्यावर धम्म सांगा. पुढे त्याच उपोसथाला नियमांचे पठण आले. बघा, सूचना बाहेरच्या माणसाची, तक्रार लोकांची, आणि संघाने दोन्ही ऐकून घेतल्या. आमच्या बैठकीलाही लोक असेच म्हणतात, 'पोट्टे जमतात, चहा पितात अन् जातात.' त्या म्हणण्यात तथ्य असेल तर ते घेतले पाहिजे.

वर्षावासाची एक हकिकत तर आमच्यासाठीच सांगितल्यासारखी आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकत्र काढायचे ठरवले आणि भांडण होऊ नये म्हणून एकमेकांशी बोलायचेच नाही असा नेम केला. खाणाखुणांवर काम चालवले. वर्षावास संपल्यावर मोठ्या आनंदाने बुद्धांना सांगायला गेले की आम्ही सुखाने राहिलो. बुद्धांनी त्यांची चांगली कानउघाडणी केली. आणि वर्षावासाच्या शेवटी पवारणा घालून दिली. प्रत्येकाने संघापुढे म्हणायचे की माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर कृपा करून सांगा.

हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण आपल्या गटाचे खरे दुखणे इथे आहे. गावात राहिलेल्यांना वाटते, बाहेरचे फोनवरून शहाणपण शिकवतात आणि चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून फोटोपुरते येतात. बाहेर गेलेल्यांना वाटते, वर्गणी आमची, हिशेब कोणी सांगत नाही. दोघांचेही अर्धे खरे आहे. पण समोरासमोर कोणी बोलत नाही. व्हॉट्सअॅपवर सुप्रभात येते, बुद्धाचे चित्र येते, वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. तिथे सगळे आहेत आणि बोलणे नाही. कोसलातल्या भिक्खूंसारखेच ते. म्हणून आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तेव्हा वर्षातून एकदा गटाची पवारणा करावी, वर्षाचा हिशेब त्याच बैठकीत वाचावा, आणि बाहेरच्यांनी तेव्हा गावात असावे, असे आमचे म्हणणे आहे. सोयाबीनची सोंगणी त्याच दिवसांत येते हे कास्तकाराच्या घरचा कोणीही सांगेल. म्हणून बैठक रात्री ठेवायची, दिवसा नाही.

कामाचे म्हणाल तर काम शोधायला लांब जायला नको. श्रीलंकेत १९५८ साली ए. टी. अरियरत्ने नावाच्या शिक्षकाने कोलंबोच्या नालंदा कॉलेजातली मुले कनातोलुव नावाच्या दुर्लक्षित गावात श्रमदानाला नेली. त्या एका शिबिरातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली आणि हजारो खेड्यांत गेली. २०२४ मध्ये ते वारले तोपर्यंत ती चालूच होती. आपल्या विदर्भातही २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये लोकांनी चर खोदले, बांध घातले. ४५ दिवसांची मुदत होती आणि १ मेला महाश्रमदान ठेवलेले असायचे. शहरातली माणसे सुट्टी काढून टिकाव-फावडे धरायला आली. तारीख आधी माहीत असली, काम डोळ्यांना दिसणारे असले आणि ते संपणार कधी हे कळले, की बाहेरचा माणूस येतो. 'कधीतरी या, समाजासाठी काहीतरी करा' म्हटले की कोणीच येत नाही.

धनजला आमच्या मते सगळ्यांत गरजेचे काम कागदांचे आहे. ऐकायला किरकोळ वाटेल. जून-जुलैत दहावी-बारावीच्या पोराला जातीचा दाखला पाहिजे, उत्पन्नाचा दाखला पाहिजे, पडताळणी पाहिजे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, ती पुष्कळ घरांना माहीतच नसते. राज्याच्या सवलती आपल्याला आधीपासून होत्या, पण केंद्राच्या सवलती अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० साली आदेशात दुरुस्ती झाल्यावर मिळाल्या. आणि केंद्रासाठीचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो. ऐन वेळी हे कळले की पोरगं कारंजा, वाशिम अशा चकरा मारत राहते आणि बापाची मजुरी बुडते. आमच्यात ज्यांनी हे सगळे भोगून नोकरी मिळवली त्यांना कोणता कागद कुठे अडतो हे तोंडपाठ आहे. चाकणला बसलेला माणूससुद्धा रविवारी तासभर फोनवर एका घराचा अर्ज तपासून देऊ शकतो. यासाठी गावात असावे लागत नाही. पण कोणत्या घराचा अर्ज कोणी बघायचा हे नावानिशी ठरलेले असावे लागते.

दुसरे काम ग्रामसभेचे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याआधी महिलांची सभा असते. शिबिरात भाषण शिकलेल्यांनी निदान तिथे तरी उठून बोलावे! नळाचे, नालीचे, वस्तीच्या निधीचे एक-एक काम लिहून न्यावे आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते विचारावे. भाषण ठोकणारे आपल्याकडे पुष्कळ, मागचे इतिवृत्त वाचून प्रश्न विचारणारे मोजके.

आणि वाचनाची पाळी. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. दिवसभर डवरणी-निंदण करून आलेल्या बाया रात्री पाठ टेकायची सोडून इथे येऊन बसतात. त्यांना नीट ऐकू येईल, समजेल असे वाचणे हे शिबिरार्थ्यांचे काम आहे. प्रत्येकाने आठ दिवसांची पाळी घ्यावी. बाहेर गेलेल्याने सुट्टीत येऊन घ्यावी.

लग्न होऊन गेलेल्या मुलींबद्दल थोडे बोलायचे आहे, कारण त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. मुलगा पुण्याला गेला तरी तो 'आपल्या गटाचा' राहतो आणि मुलगी दारव्ह्याला गेली की तिचे नाव यादीतून जाते. हे का? तिने शिबिरात जे घेतले ते तिच्या सासरच्या विहारातही लागू पडते. तिला तिथे कोणी विचारत नसेल तर आपण तिथल्या उपासिका संघाला कळवावे की तुमच्या गावात अशी प्रशिक्षित मुलगी आली आहे. आणि माहेरी आली की आपल्या बैठकीत तिची जागा असावी. नागपूरला नागलोक येथे २००२ पासून नागार्जुन प्रशिक्षण संस्था चालते. तिथे ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या राज्यांतली मुलेमुली शिकून आपापल्या मुलखात परत जातात आणि तिथे काम करतात. एवढ्या लांबची माणसे जोडून ठेवता येतात तर धनज ते दारव्हा फार नाही.

राजकारणाचेही सांगून टाकतो. आमच्यात वेगवेगळ्या पक्षांचे, गटांचे लोक आहेत आणि राहतील. बाहेर ज्याने त्याने आपला झेंडा धरावा. विहाराच्या पायरीवर चपला काढतो तिथेच तोही ठेवावा. निवडणुकीच्या तोंडावर गटाची यादी कोणाच्याही हाती द्यायची नाही, हे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले आहे आणि आज सर्वांसमक्ष सांगतो.

तर आता पुढचे. विहाराच्या कपाटात एक जाड वही ठेवली आहे. तीत शिबिर केलेल्या प्रत्येकाने नाव, सध्याचा मुक्काम, रक्तगट, आणि वर्षातून कोणते दिवस कोणते काम करू शकतो एवढेच लिहायचे आहे. 'सर्व कामे करीन' असे लिहू नये, एकच लिहावे. वहीची किल्ली दर वर्षी आश्विन पौर्णिमेला बदलेल. या वर्षी ती उपासिका संघाकडे आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर रात्री आठ वाजता बैठक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज ज्या घरांचे राहिले असतील त्यांनी कागदांची पिशवी बरोबर आणावी. आणि ज्यांचे पोरंपोरी बाहेर आहेत त्या आई-वडिलांनी आजच घरी गेल्यावर त्यांना फोन करून तारीख सांगावी, आमच्या फोनपेक्षा तुमचा फोन ते लवकर उचलतात.

जय भीम, नमो बुद्धाय.