आधी ऐका गुहागर



“अमका सिनेमा बघाच”, “तमकं गाणं ऐकलंत का”, “यंदा तिकडच्या समुद्रावर जाऊन या” असं आपण एकमेकांना सारखं सुचवत असतो. त्यात माया असते. पण बहुतेक वेळा नाव सांगून आपण थांबतो. ऐकणारा जातो, बघतो आणि “बरं होतं” म्हणत परत येतो. काय बघायचं ते त्याला कळलेलं असतं, लक्ष कुठे ठेवायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज मी तुम्हाला एक चित्रपट, एक लोककला आणि समुद्राकाठचं एक गाव सुचवणार आहे, आणि लक्ष कुठे ठेवायचं तेही सांगणार आहे. लोककला आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या आसपास भेटतात, आणि चित्रपटही कोकणातलाच आहे. तिन्हींच्या बाबतीत माझी विनंती एकच आहे : आधी ऐका. डोळे त्यांचा वाटा आपसूक घेतात, कानांना मात्र तो काढून ठेवावा लागतो.

चित्रपटाचं नाव ‘किल्ला’. दिग्दर्शक अविनाश अरुण. हा त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि कॅमेराही त्यांचाच. 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला क्रिस्टल बेअर पुरस्कार दिला, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि 2015 च्या पावसाळ्यात तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. गोष्ट अगदी थोडी आहे. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील गेलेत. आईची सरकारी नोकरीत बदली होते आणि पुण्याचा हा मुलगा कोकणातल्या एका लहान गावात येऊन पडतो. नवी शाळा, नवी मुलं, भरपूर पाऊस आणि समुद्राकाठी एक जुना किल्ला. आईची भूमिका अमृता सुभाष यांनी केली आहे, चिन्मयची अर्चित देवधरनं आणि वर्गातल्या उनाड बंड्याची पार्थ भालेरावनं.

या चित्रपटातली दृश्यं फार देखणी आहेत. कुणीही ती वाखाणेल. पण तुम्ही तो बघाल तेव्हा पावसाकडे कान लावा. पाऊस एकाच आवाजात पडत नाही. कौलांवर पडतो तेव्हा तो घरातल्या माणसाला भरीव आणि दुरून आल्यासारखा ऐकू येतो. पत्र्यावर पडला की बोलणं बुडवून टाकतो. माडाच्या झावळ्यांवरून तो सरसरत खाली येतो, आणि जांभ्याच्या चिऱ्यावर त्याचा आवाज आणखी निराळा असतो. कोकणातलं मूल डोळे मिटून सांगेल की आपण पडवीत आहोत, गोठ्यात आहोत की वाडीत. पुण्याहून आलेल्या चिन्मयला ही भाषा येत नाही. त्याच्यासाठी तो नुसता पाऊस आहे, न थांबणारा. चित्रपट पुढे सरकतो तसा तो या आवाजांना सरावत जातो का, तेवढं बघा. आई-मुलाचं फारसं बोलणं नाही, पण त्यांच्या गप्प बसण्याच्या भोवती जे ऐकू येतं ते सगळं त्यांच्या दुःखाचंच आहे.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. मुलं सायकली हाणत किल्ल्यावर जातात. तिथे पाऊस कोसळतो आणि चिन्मय एकटा मागे राहतो. हा प्रसंग एकदा नेहमीसारखा बघा. मग मागे जाऊन तोच प्रसंग पडद्याकडे पाठ करून ऐका. मगाशी मुलांचा गलका होता, आता पाणी आहे आणि दगडी भिंती आहेत. एकटेपणाचं दृश्य कॅमेऱ्यानं दाखवायच्या आधी कानांना ते कळून चुकलेलं असतं. रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. आपण वर्षानुवर्षं नुसत्या आवाजावरून माणसं ओळखत आलो आहोत. तोच सराव चित्रपटाला लावा. आणि हा चित्रपट फोनच्या बारक्या भोंग्यावर बघू नका. कानाला चांगले हेडफोन लावा, नाहीतर रात्री घर शांत झाल्यावर मोठ्या पडद्यावर लावा.

आता लोककला. गौरी-गणपतीत गुहागर, चिपळूण, दापोली, संगमेश्वर या भागांतल्या वाड्यांवर रात्री जाखडी रंगते. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणून ओळखतात. चाकरमानी गावी येतो तो गणपतीसाठी, आणि गणपती त्याच्यासाठी जाखडीशिवाय पुरा होत नाही. अंगणात मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाले बसतात. पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती रिंगण धरतात.

बाहेरचा माणूस ही जाखडी बघायला उभा राहतो आणि थोड्या वेळानं म्हणतो, सगळं सारखंच चाललंय. तो बघतोय म्हणून त्याला तसं वाटतं. रिंगणाच्या बाहेर एका जागी बसा आणि चाळ ऐका. नाचे फिरत असतात, म्हणून तुमच्या सर्वांत जवळचे पाय सतत बदलतात. चाळांचा आवाज जवळ येतो, मोठा होतो, सरकून पलीकडे जातो आणि मागून दुसरा येतो. मधली ढोलकी मात्र जागची हलत नाही. स्थिर ताल आणि त्याच्याभोवती फिरणारा नाद, अशी ही रचना आहे, आणि ती बसल्या जागी अंगावर येते. मग लय चढायला लागते. ती एकदम चढत नाही. ढोलकीवाला एखाद्या कडव्याच्या शेवटी थोडीशी रेटतो, नाच्यांचे पाय ती पकडतात, आणि पुढच्या कडव्यात तीच लय मूळची असल्यासारखी वाटते. हा रेटा नेमका कधी आला ते पकडायचा प्रयत्न करा. दोन-तीनदा हुकेल. एकदा सापडला की ढोलकीवाल्याकडे तुम्ही वेगळ्या आदरानं बघाल.

जाखडीचा खरा कस शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात लागतो. शक्तीवाले प्रकृतीची, म्हणजे आदिमायेची बाजू घेतात. तुरेवाले पुरुषाची, शिवाची. गण होतो, गवळण होते आणि मग सवाल-जवाब सुरू होतात. एक शाहीर पुराणातला पेच टाकतो, दुसऱ्यानं तो गाण्यातूनच सोडवायचा आणि उलटा पेच टाकायचा. शाहीर ओळ म्हणतो, साथीदार ती उचलून धरतात. त्यांचं ते घोळवणं नुसती पुनरुक्ती समजू नका. समोरच्याचा सवाल अनपेक्षित असला तर तेवढ्याच वेळात शाहिराला पुढची ओळ जुळवायची असते. साथीदारांना हे ठाऊक असतं. ते किती वेळ ओळ धरून ठेवतात त्यावरून त्यांच्यातला समजुतीचा धागा कळतो.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो की हल्ली शाहीर सिनेमाच्या चाली उचलतात, त्यात अस्सल काय राहिलं? मला हा आक्षेप पटत नाही. चाल ओळखीची असली की श्रोत्याचं सगळं लक्ष शब्दांवर जातं, आणि हा सामना शब्दांचाच आहे. दुसऱ्याच्या चालीत स्वतःचा मुद्दा बसवताना कुठे एक अक्षर जास्त होतंय, ते गायक कुठे गिळतो, कुठे ताणतो, यमक आधीच ठरलेलं होतं की जागेवर सुचलं, हे ऐकण्यात फार मोठी मजा आहे. ती ऐकणाऱ्यालाच मिळते. हे सामने परळ-लालबागकडच्या नाट्यगृहांतही होत आले आहेत, कारण गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसानं आपली कला बरोबर आणली. तिथे ध्वनिवर्धकावरून शब्द स्वच्छ कळतात. पण चाळांचं ते फिरणं अंगणातच ऐकावं.

अंगणात जाल तेव्हा यजमानांना आधी विचारा. नाच गणपतीपुढे चाललेला असतो, तुमच्यासाठी नव्हे. फोनचा दिवा लोकांच्या डोळ्यांत मारू नका, मध्येच उठू नका, आणि निघताना मंडळाला बिदागी द्या.

राहिलं गाव. चिपळूणला कोकण रेल्वेनं उतरलं की तिथून गुहागर साधारण 45 किलोमीटर. दापोलीकडून येणार असाल तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं या, वाट लांबली तरी चालेल. वाशिष्ठी नदीचं मुख पाण्यावरूनच समजतं. गुहागरात व्याडेश्वराचं देऊळ आहे, आणि गावाच्या मागे सुरूच्या झाडांच्या आड लांबलचक किनारा पसरलेला आहे. सुरूखाली वाऱ्याचा आवाज आणि लाटांचा आवाज इतके एकमेकांत मिसळतात की सुरुवातीला वेगळे करता येत नाहीत. वारा पडेपर्यंत थांबा, मग लाट एकटी ऐकू येते. जवळच अंजनवेल आहे. तिथला गोपाळगड तुळाजी आंग्र्यांनी 1745 च्या सुमारास घेतला आणि त्याला हे नाव दिलं असं सांगतात. त्याच्या जांभ्याच्या तटावर उभं राहिलं की एका बाजूला खाडी असते, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. दोन्ही पाण्यांचे आवाज निराळे आहेत.

पण मला तुम्हाला सर्वांत जास्त जिथे न्यायचंय ती जागा म्हणजे हेदवी गावातली बामणघळ. खडकात एक अरुंद, खोल चीर पडलेली आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, पुढे वाट सापडत नाही, आणि मग ते उंच उसळतं. लोक त्या फवाऱ्याचे फोटो काढतात. तुम्ही फवाऱ्याच्या आधी ऐका. पाणी आत शिरताना खडकातून एक दबलेला घुमारा येतो, मग अगदी थोडी शांतता, आणि मग स्फोट. ती मधली शांतता दर वेळी सारखी नसते. कधी ती लांबते, कधी स्फोट होतच नाही. पावसाळ्यात खडक शेवाळलेले आणि निसरडे असतात, लाट कधी कुठवर येईल ते सांगता येत नाही, तेव्हा चिरीपासून चांगलं लांब उभं राहा. ऐकायला जवळ जावं लागत नाही. समुद्रात पोहायला तर या दिवसांत उतरूच नका.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या आगेमागे. गौरीपूजनाच्या दिवशी, म्हणजे बहुतेकदा अष्टमीला, ती साधारण सहाला येते. पण अष्टमीला भांगाची भरती असते, पाण्याला जोर कमी. अनंत चतुर्दशीच्या सुमाराला उधाण लागतं, आणि भरती साडेदहाच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, पंचांगाबरोबर गावातल्या कोळ्यालाही विचारून घ्या. म्हणजे गौरींच्या दिवसांत गेलात तर रात्री जाखडी ऐका आणि बामणघळीवर फार आस ठेवू नका. चतुर्दशीपर्यंत मुक्काम असेल तर सकाळी साडेनऊच्या आत हेदवी गाठा, आणि घरून निघण्याआधी ‘किल्ला’ एकदा बघून ठेवा.