बोक्याचा मधुमेह

मांजराला मधुमेह म्हटले की हसू येते. पण आमचा बोका भांडेभर पाणी पिऊ लागला, पोटभर खाऊनही वाळत चालला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तेच सांगितले.

१९२२ साली टोरांटोत माणसाला प्रथम टोचलेले इन्सुलिन मांजरालाही लागू पडते. दर १२ तासांनी टोचायचे. त्यामुळे रंकाळ्यावर गेले तरी सातच्या ठोक्याला मी घरी! सुई बारीक असते. कातडी चिमटीत धरली की बोका खातच राहतो. खरी काळजी मापाची. ४० युनिटांच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते, आणि त्यात जीवही जाईल.

आधी खाणे, मग सुई. खाल्ले नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नये. साखर फार उतरली की मांजर झोकांड्या खाते, गळून पडते. तेव्हा हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठावा.

दूधभात बंद, मासळी, कोंबडी, अंडे चालते. "मुक्या जिवाचा घास तोडलास," म्हणून सासूबाई रुसल्या होत्या. आता त्याच घड्याळ बघून मला हाक मारतात. काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटते म्हणे. आमच्याचे अजून चालू आहे.