जुन्या गाडीची दोन दुखणी



नव्या गाडीविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. ॲव्हरेज किती, डिकी केवढी, एअरबॅग किती, हप्ता किती बसेल, सगळे हौसेने सांगतात. जुनी गाडी घेऊन बसलेल्या माणसाला मात्र एकच सल्ला मिळतो, ‘विकून टाका.’ हा सल्ला चुकीचाच असतो असे नाही. पण आपल्याकडे कितीतरी घरांत पहिली गाडी येते तीच मुळी दुसऱ्याने वापरलेली, आणि ती विकून दुसरी घेण्याइतके पैसे त्या घरात लगेच जमत नाहीत. अशी गाडी सांभाळायची कशी आणि कुठवर, एवढ्यापुरतेच आज मी बोलणार आहे.

माझ्याकडे मारुती ८०० आहे, २००९ सालची. मी तिचा तिसरा मालक. या गाडीची ओळख करून देण्याची गरज नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला तिची किल्ली मिळाली आणि २०१४च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचे छोटेसे इंजिन. बनणे थांबले तरी रस्त्यावर ती इतकी आहे, की सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. जुनी गाडी घेताना हा मोठा मुद्दा असतो. गाडी कितीही देखणी असो, तिचा भाग मिळत नसेल तर ती दारातली शोभा होऊन बसते.

तर अशा वयस्कर गाडीला बहुतेक वेळा दोन दुखणी जडतात. ती तेल खाऊ लागते आणि तिचे खालचे अंग, म्हणजे सस्पेन्शन, खिळखिळे होते. दोन्ही हळूहळू येतात. त्यामुळे रोज चालवणाऱ्याला ती जाणवत नाहीत. पाहुणा गाडीत बसतो आणि म्हणतो, ‘आवाज कसला येतोय हो?’ तेव्हा आपले लक्ष जाते.

आधी तेलाचे पाहू. इंजिन चालू असते तेव्हा पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो. त्याच्याभोवती रिंगा असतात. वरच्या दोन जळणाचा दाब धरून ठेवतात आणि खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जास्तीचे तेल खरवडून खाली सोडते. वर्षानुवर्षे घासून या रिंगा झिजल्या, की थोडे तेल वर निसटते आणि पेट्रोलबरोबर जळते. दुसरी वाट व्हॉल्व्हची. तिथे रबराची छोटी सीले असतात. इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होतात आणि त्यांच्या कडेने तेल झिरपते. दोन्ही वाटांनी शेवट एकच, सायलेन्सरमधून निळसर धूर.

पण हा धूर केव्हा येतो ते बघावे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केल्यावर एक भपकारा आला आणि मग थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलांवर. घाट उतरताना आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो तेव्हा इंजिनात ओढ निर्माण होते आणि सीलांच्या कडेने तेल आत खेचले जाते. पायथ्याशी पुन्हा पाय दिला की मागे निळा ढग. हेही सीलांचेच लक्षण. उलट घाट चढताना, गाडीवर जोर असताना, सतत धूर येत असेल तर रिंगांकडे बघावे लागते. काळा धूर असेल तर तेलाचा संबंध नाही, पेट्रोल जास्त जाते आहे. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर रेडिएटरचे पाणी जळते आहे, आणि ते दुखणे वेगळे.

मिस्त्री याची खात्री कॉम्प्रेशन तपासून करतात. प्लग काढून तिथे मीटर लावायचे आणि दाब बघायचा. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा बघायचा. आता दाब वाढला तर रिंगा झिजल्या, कारण त्या तेलाने तात्पुरती फट भरली. वाढला नाही, तर दोष बहुधा व्हॉल्व्हकडे. दहा-पंधरा मिनिटांचे काम. इंजिन खोलण्याचा निर्णय घेण्याआधी हे करून घ्यावेच. सीले बदलणे आणि पूर्ण इंजिन करणे यांच्या खर्चात फार मोठे अंतर आहे.

त्याच्याही आधी दोन स्वस्त गोष्टी. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी त्यावर काळे थेंब दिसले, तर सगळे तेल जळत नाही, काही गळतेही आहे. गॅस्केट आणि ऑइल सील यांचे काम आधी. दुसरे, इंजिनातली वाफ परत जळणाकडे नेणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने तुंबला तर आत दाब वाढतो आणि तेल नको तिथून वाट काढते. तो साफ केला किंवा बदलला म्हणजे कधी कधी तेलाची भूक निम्म्याने उतरते.

तेल खाणाऱ्या गाडीच्या मालकाने एक सवय लावून घ्यावी. आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी ओढून बघावी. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्या खाली नको, तसेच वरच्या खुणेच्या वरही नको. जास्त भरले तर क्रँक त्यात आपटून फेस करते आणि फेसाने वंगण होत नाही. आणि एक गैरसमज. समोरचा लाल दिवा लागत नाही म्हणजे तेल पुरेसे आहे, असे बरेच जण धरून चालतात. तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, तेलाचा दाब दाखवतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. चालता चालता लागलाच, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिनाच्या जिवावर बेततो.

वरून तेल घालतोच आहोत, मग बदलायचे कशाला, असेही म्हणतात. बदलावे लागते. नवे तेल घातले तरी जुन्यातली काजळी आणि धातूचा कस तिथेच राहतो. फिल्टरसकट बदलले तरच तो बाहेर पडतो.

आता सस्पेन्शन. गाडीचे वजन स्प्रिंगवर असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि दबली की उसळते. तिला थोपवले नाही तर ती उसळतच राहील. ते थोपवण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि बारीक छिद्रांतून ते ढकलताना उसळीचा जोर मरतो. शॉकअप गळला म्हणजे गाडी बोटीसारखी डुलते. पुष्कळ लोक याला केवळ गैरसोय समजतात. ‘जरा धक्के बसतात, एवढेच.’ एवढेच नसते. उसळणारे चाक क्षणभर रस्त्यावर नीट टेकलेले नसते, आणि ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी थांबते ती रस्त्याला टेकलेल्या टायरमुळे.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर शॉकअप गेला. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला ओघळ दिसला, किंवा टायर लाटालाटांनी झिजलेला हाताला लागला, तरी तेच. बदलताना एकच बदलू नये, पुढची जोडी किंवा मागची जोडी बदलावी. नाहीतर गाडीचा एक खांदा ताठ आणि एक ढिला राहतो.

शॉकअपपेक्षा जास्त जपायचे ते खालच्या सांध्यांना. लोअर आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखाच तो, वाटीत फिरणारा गोळा. त्याच्यावर रबराची टोपी असते. आमच्या कोकणात चार महिने चिखल-पाणी. टोपी फाटली की आतले ग्रीस धुऊन जाते, माती शिरते आणि सांधा खाल्ला जातो. तपासण्यासाठी चाक जॅकवर उचलावे, खाली भक्कम आधार द्यावा, आणि घड्याळात बारा आणि सहा असतात त्या जागी धरून चाक हलवावे. खटखट लागली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवल्यावर खटखट आली तर स्टिअरिंगचा सांधा. बॉल जॉइंट सुटला तर चालत्या गाडीचे चाक बाहेर मुडपते आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

ही दोन्ही दुखणी माझ्या गाडीत एकदमच आली. मला दर तीन महिन्यांनी अम्मीला चिपळूणहून मिरजेला डॉक्टरांकडे न्यावे लागते. तिने ऐंशी ओलांडली आहे, कंबर दुखते, एसटीत तिला चढता येत नाही. वाट कुंभार्ली घाटाची. मिस्त्रींनी हिशोब सांगितला, इंजिनाचे काम पंचवीस हजारांच्या पुढे, खालचे काम दहा हजारांच्या आत. दोन्ही एकदम करण्याइतके पैसे नव्हते. शेजारीपाजारी सगळ्यांचे मत एकच, आधी इंजिन करा, इंजिन म्हणजे गाडीचे काळीज. मिस्त्री म्हणाले, “भाई, तेल जळतंय तो तुमचा खर्च. घाटात खालचा सांधा सुटला, तर समोरून येणाऱ्याचा काय गुन्हा?”

मी आधी खालचे काम केले. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही बॉल जॉइंट, बुश, आणि शेवटी अलाइनमेंट. हे सांधे बदलल्यावर अलाइनमेंट केली नाही तर नवे टायर काही महिन्यांत एका बाजूने खाल्ले जातात. परतीच्या वाटेवर अम्मी घाटात झोपली. एरवी ती वळणावळणाला दरवाज्याचा दांडा घट्ट धरून बसायची.

मात्र मिस्त्रींच्या बोलण्यात मला एक भर घालावीशी वाटते. जळणारे तेल हा फक्त माझा खर्च नाही. तो धूर माझ्यामागून सायकलवर शाळेला जाणारे पोर घेते. म्हणून मी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली आहे. गाडी हजार किलोमीटरला पाव लिटर तेल खाते आणि मागे धूर दिसत नाही, तोवर मी वरून तेल घालीन. पट्टी बघून आकडा वहीत लिहितो. भूक अर्ध्या लिटरवर गेली, किंवा मागच्याला धूर दिसू लागला, की इंजिन खोलायचे, नाहीतर गाडी थांबवायची. पीयूसीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे ही जबाबदारी संपली, असे मी मानत नाही.

थांबायचे कधी, हाही प्रश्न आहेच. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. २०२२च्या एप्रिलपासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. मी ते २०२४ साली भरले. पण कागदापेक्षा मोठी मर्यादा गंजाची. इंजिन बदलता येते, शॉकअप बदलता येतात. ज्या पत्र्याला ते शॉकअप बसवलेले असतात तो पत्रा गंजून भुसभुशीत झाला, तर मात्र गाडीला निरोप द्यावा. दर पावसाळ्यानंतर गाडी वर घेऊन खालून हातोडीने हलकेच ठोकून बघावी. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर आत पोकळ.

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी. तिथे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. लोकांना हळहळ वाटली. ती टॅक्सी वीस वर्षे रोज, दिवसभर चालली, यामागे टॅक्सीवाल्याची सकाळची पाच मिनिटे होती. बॉनेट उघडायचे, पट्टी बघायची, पाणी बघायचे, चाकांवर एक नजर टाकायची.

आणि मिस्त्री. हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्रे’वरून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ उस्ताद. जुन्या गाडीला उस्ताद लागतो. गाडी आणल्या आणल्या पान्हा हातात घेणारा नव्हे, आधी शेजारी बसून दोन किलोमीटर आवाज ऐकणारा. असा माणूस तुमच्या गावात असेल तर त्याच्याकडे घासाघीस करू नका आणि त्याचे पैसे थकवू नका.

जुनी गाडी वापरण्यात कमीपणा नाही, आणि बढाई मारण्यासारखेही काही नाही. पैसे थोडे आणि दुखणी अनेक, अशी वेळ आली की आधी ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि खालचे सांधे. मग इंजिन. सीटकव्हर, रंग आणि टेप सगळ्यांत शेवटी. हा क्रम पाळला, तर रस्त्यावर आपल्या जुन्या गाडीमुळे कोणाला भीती वाटायचे कारण उरणार नाही. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी तेलाची पट्टी तेवढी बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)