विद्यार्थ्यांचे संशोधन आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आहार, बालसंगोपन असा एखादा विषय अपेक्षित असतो. मी आज जरा निराळा विषय घेतला आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जीवशास्त्राच्या शाखांत शिकणारी मुलेमुली शिकता शिकता जे संशोधन करतात, त्याविषयी मला बोलायचे आहे. हा विषय प्रयोगशाळेतला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. पण पांढरा कोट घातलेली एखादी मुलगी हातात कागद घेऊन आपल्या दाराशी उभी राहते आणि ‘मावशी, पाच मिनिटे आहेत का?’ असे विचारते, तेव्हा ती प्रयोगशाळाच आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेली असते. त्या वेळी आपण काय उत्तर देतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आधी हे संशोधन असते तरी कसे, ते सांगते. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना प्रबंध लिहावाच लागतो. पण एम.बी.बी.एस. आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही एखादा स्वतंत्र प्रश्न हाती घेता यावा, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती सुरू केली. काम दोन महिन्यांचे. विद्यार्थ्याने प्रश्न निवडायचा, एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली कामाची आखणी करायची, माहिती गोळा करायची आणि शेवटी अहवाल लिहून द्यायचा. प्रश्न लहानच असतात. मधुमेही माणसे आपल्या पायांची काळजी कशी घेतात? नव्या बाळंतिणीला अंगावर पाजण्याविषयी कोणी काय सांगितले? शाळकरी मुले रात्री किती झोपतात? ऐकताना वाटते, एवढ्याशा प्रश्नासाठी एवढा खटाटोप कशाला? आणि मिसरूड न फुटलेल्या मुलांच्या हातून असे काय मोठे होणार?

याला उत्तर म्हणून बर्लिनच्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगते. त्याचे नाव पॉल लँगरहान्स. १८६९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने वैद्यकीच्या पदवीसाठी प्रबंध लिहिला. विषय होता स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना. सशाचे स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला इतर पेशींहून निराळ्या दिसणाऱ्या पेशींचे लहान लहान पुंजके आढळले. ते कसे दिसतात हे त्याने काळजीपूर्वक लिहिले, आणि त्यांचे काम काय ते आपल्याला माहीत नाही, हेही स्वच्छ लिहून टाकले. परीक्षेच्या प्रबंधात ‘मला माहीत नाही’ असे लिहायला धैर्य लागते. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काहीतरी विद्वत्ताप्रचुर ठोकून मोकळा झाला असता.

लँगरहान्स १८८८ साली वारला. लगेच पुढच्या वर्षी मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तर त्या कुत्र्याला मधुमेह झाला. १८९३ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना लँगरहान्सची बेटे असे नाव दिले. आणि १९२१ साली कॅनडातील टोरोंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग या तरुण शल्यवैद्याने त्याच बेटांत तयार होणारा रस वेगळा काढण्याचा प्रयत्न सुरू केला. त्याच्या मदतीला होता बावीस वर्षांचा विद्यार्थी चार्ल्स बेस्ट. नुकताच पदवीधर झालेला, पुढच्या शिक्षणाच्या वाटेवरचा. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो रस टोचला. पहिल्या खेपेस म्हणावा तसा गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने रस अधिक शुद्ध करून दिला, आणि त्याच महिन्यात मुलाच्या प्रकृतीला उतार पडू लागला. तेच हे इन्शुलिन. आज कित्येक घरांत फ्रिजच्या कप्प्यात त्याची कुपी असते. त्याआधी लहान मुलाला मधुमेह झाला, तर आईबापांनी दिवस मोजण्यापलीकडे फारसे काही हाती नसे.

१९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते बँटिंग आणि प्राध्यापक मॅक्लिऑड यांना. बेस्टचे नाव त्यात नव्हते. तेव्हा बँटिंगने आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टला देऊ केली. विद्यार्थ्याच्या श्रमांचे श्रेय विद्यार्थ्याला द्यावे, हा धडा आजच्या वडीलधाऱ्यांनीही गिरवण्याजोगा आहे.

दुसरी हकिकत अमेरिकेतली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. रक्त गोठवणारा पदार्थ शोधण्याचे काम त्याच्या गुरूंनी त्याला दिले होते. १९१६ साली त्याच्या हाती लागला तो नेमका उलटा पदार्थ, रक्त गोठू न देणारा! ‘माझे काहीतरी चुकले’ म्हणून त्याने ती नळी मोरीत ओतली असती, तर कोणाला कळलेही नसते. त्याने जे दिसले ते गुरूंपुढे ठेवले. त्यातूनच पुढे हेपॅरिन हे औषध हाती आले. मोठ्या शस्त्रक्रियांत आणि डायलिसिसच्या वेळी ते वापरतात.

आता आपल्या घरच्या दोघींकडे वळते. आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या हे लहान मुलीही सांगतील. पण १८८६ साली एम.डी.च्या पदवीसाठी त्यांनीही प्रबंध लिहिला होता, हे थोड्यांना ठाऊक असते. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले पहिले मूल दहा दिवसांत गमावलेल्या आईने हा विषय का घेतला असेल, ते भगिनींनो, मी तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नाकारले. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले. त्या वर्षात रामन यांची खात्री पटली आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडले. तिथे कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरातला विषय! पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी हा पदार्थ वनस्पतीतही असतो असे आढळले, आणि १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या साऱ्या हकिकतींतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. विद्यार्थ्याच्या हाती मोठी यंत्रे नसतात, पैसा नसतो, अनुभवही नसतो. त्याचे भांडवल एकच, जे दिसले ते खरे लिहिणे. आणि जेव्हा त्याचा विषय जिवंत माणूस असतो, तेव्हा त्या भांडवलाचा निम्मा वाटा आपल्याकडून जातो.

एक उदाहरण घेऊ. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत शंभरामागे ५७ जणींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ होते. समजा, एका विद्यार्थिनीने प्रश्न घेतला की लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या गरोदर बायकांचे रक्त वाढते का? ती घरी येते. शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. ‘गोळ्या घेता का?’ ‘हो, रोज घेते.’ प्रत्यक्षात गोळ्यांनी मळमळते, पोट साफ होत नाही, म्हणून पाकिटे फळीवर तशीच पडलेली असतात. रक्त तपासले तर ते कमीच निघते. अशी दहा-वीस उत्तरे गोळा झाली म्हणजे अहवालात काय उतरेल? गोळ्या घेऊनही गुण नाही! खरी अडचण निराळीच होती. गोळीने त्रास झाला तर ती जेवणानंतर घ्यावी, बरोबर लिंबाचा रस घ्यावा, चहा मात्र तिच्या आगेमागे घेऊ नये, हे त्या सुनेला कोणी सांगितलेच नव्हते. तिने ‘नाही हो, घेत नाही’ एवढे खरे शब्द उच्चारले असते, तर तिचाही फायदा झाला असता आणि तिच्यासारख्या पुष्कळ जणींचाही.

तेव्हा माझी पहिली विनंती ही की सांगायचे तर खरे सांगा. आणि सांगायचे नसेल, तर ‘मला सांगायचे नाही’ असे सरळ म्हणा. तो तुमचा हक्क आहे. विद्यार्थ्याचे काम सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते. तुम्हाला कळेल अशा भाषेत माहितीचा कागद द्यावा लागतो. त्यावर कोणाकडे चौकशी करायची तेही लिहिलेले असते. तो कागद मागा, वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, मगच सही करा. नकार दिल्यामुळे दवाखान्यातील उपचारांत कसूर होता कामा नये. निम्म्यावर थांबावेसे वाटले तरी थांबता येते. आणि एक ध्यानात ठेवा, जाणत्या बाईची संमती तिची स्वतःची असते. यजमानांनी किंवा सासूबाईंनी तिच्या वतीने ‘हो’ म्हणून भागत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आईवडिलांची संमती लागते, आणि सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगून त्याचीही राजीखुशी घ्यावी लागते.

ज्यांची स्वतःची मुले या शिक्षणात आहेत, त्यांना दुसरी विनंती. उन्हातान्हात वणवण करून मुलगा दमून घरी येतो. पन्नास अर्ज भरायचे असतात, चाळीसच झालेले असतात. ‘उरलेले घरीच बसून भर, कोण पाहायला येते?’ हे वाक्य आपल्या तोंडून निघू देऊ नका. आज जो खोटे दहा अर्ज भरील, तो उद्या रोग्याच्या कागदावर न तपासलेला रक्तदाब लिहील. चाळीस झाले तर चाळीस लिहावेत. ‘आमच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले’ हाही निष्कर्षच आहे. त्यामुळे पुढच्याचा एक फेरा वाचतो. आणि मुलगी असेल तर तिला ते दोन महिने मोकळे द्या. सुटीत घरकामाला हक्काची मदतनीस मिळाली, असे समजू नका.

शेवटची सूचना आपल्या मंडळासाठी. विद्यार्थी येतात, माहिती नेतात, पुढे त्याचे काय झाले ते आपल्याला कधीच कळत नाही. आपण असा पायंडा पाडू या की आपल्या वस्तीत जो विद्यार्थी माहिती घेईल, त्याला काम संपल्यावर मंडळात बोलावायचे, आणि काय आढळले ते अर्ध्या तासात सोप्या मराठीत सांगायला लावायचे. जिने बोटातून रक्ताचा थेंब दिला, तिला त्याचे काय झाले ते कळलेच पाहिजे. आपण प्रश्न विचारू, शंका काढू. त्यातूनच कदाचित त्या मुलीला तिचा पुढचा प्रश्न सापडेल. चहा आपल्याकडे असतोच, फक्त लोहाच्या गोळीच्या वेळेला नको!