जळालेल्या मोटारीचा धडा



आज मी एका अतिपरिचित यंत्राविषयी बोलणार आहे. स्वयंपाकघरातील मिक्सर हे ते यंत्र होय.

१९६३ च्या सुमारास मुंबईत सीमेन्स कंपनीत नोकरी करणारे अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी जर्मन बनावटीचा एक मिक्सर होता. एके दिवशी त्याची मोटार जळाली आणि ती दुरुस्त करून देणारा कोणी मिळेना. तेव्हा पत्नी माधुरी माथुर यांनी पतीला सुचविले की, न जळणारे यंत्र आपणच का तयार करू नये?

ते यंत्र निकृष्ट होते काय? मुळीच नाही. फळांचा गर घुसळावा, अंडी फेसावीत, अशा कामांसाठी ते घडविलेले होते. आपल्या घरी मात्र त्याच्या वाट्याला सुक्या मिरच्या, धने, हळकुंडे, ओले खोबरे आणि भिजवलेली उडदाची डाळ आली. अशा पदार्थात पाते अडखळले की मोटारीचा वेग मंदावतो. वेग मंदावला की तिच्यातून अधिक विद्युत्प्रवाह वाहू लागतो. त्यामुळे आतील तारांची वेटोळी तापतात व त्यांवरील रोधक आवरण करपते. गृहिणीला येणारा जळका वास म्हणजे या साऱ्या घडामोडींची पहिली वार्ताच असते.

माथुर आणि त्यांचे काही सहकारी यांनी ही वार्ता गांभीर्याने घेतली. नादुरुस्त यंत्राला ठिगळ लावण्याऐवजी त्यांनी मूळ प्रश्नच बदलला : आपल्या स्वयंपाकघरातील वाटणाचा भार सोसणारी मोटार कशी असावी? त्या शोधातून एक छोटा उद्योग उभा राहिला आणि 'सुमीत' हा मिक्सर जन्मास आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. पाटा-वरवंट्यावर आणि रगड्यावर रोज खर्ची पडणारे अनेक स्त्रियांचे श्रम त्याने हलके केले. म्हणूनच ते नाव सार्थ ठरले.

पुढे त्या उद्योगाचे वैभव ओसरले, हेही सांगितले पाहिजे. परंतु सुके आणि ओले, दोन्ही वाटण झेपले पाहिजे, ही कसोटी भारतीय मिक्सरच्या बाबतीत कायमची रूढ झाली.

या कथेत श्रेयाचा मोठा वाटा अभियंत्याच्या पदरात पडतो. तो त्यास मिळावाच. तथापि यंत्र कोठे कमी पडते हे प्रथम जाणले ते ते रोज हाताळणाऱ्या व्यक्तीने. तरुण अभियंत्यांना माझे एवढेच सांगणे आहे : घरातील तक्रार त्रागा म्हणून सोडून देऊ नका. कोणता पदार्थ होता, किती होता, यंत्र किती वेळ चालले, हे शांतपणे विचारा. ज्या माहितीसाठी आपण प्रयोगशाळा धुंडाळतो, ती पुष्कळदा ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसापाशी असते.