जितक्या जणी, तितके चौकोन

वाघोलीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

रेडिओसाठी आम्ही १२ जणींनी आपापल्या मोबाईलवर दोन शब्द रेकॉर्ड केले. सगळं एकत्र लावलं, तर हळू बोलणाऱ्या आजी ऐकूच येईनात. प्रत्येकीचा आवाज वेगळा लहान-मोठा करायला हवा होता.

त्यासाठी प्युअर डेटा नावाचा मोफत प्रोग्राम आहे. मिलर पकेट यांनी तो १९९०च्या दशकात तयार केला. पडद्यावर चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे. एक चौकोन रेकॉर्डिंग वाजवतो, दुसरा आवाज लहान-मोठा करतो. पण हे १२ वेळा हाताने कोण मांडणार? आणि पुढच्या महिन्यात १५ जणी झाल्या तर? म्हणून मांडायचं कामही प्रोग्रामलाच सांगायचं. आकडा दिला की तो स्वतःच तितके चौकोन मांडतो, तारा जोडतो.

आमचं एकदा चुकलं. तार जोडताना चौकोनाचा क्रमांक सांगावा लागतो, आणि मोजणी शून्यापासून असते. आम्ही मधलाच एक चौकोन पुसला. पुढच्यांचे क्रमांक एकेकाने सरकले, नवी तार भलतीकडे गेली, आणि आजी पुन्हा गप्प! आता सगळं पुसून हजेरीच्या क्रमाने नव्याने मांडतो. मांडणी होईपर्यंत आवाज बंद ठेवतो, नाहीतर तो मध्येच तुटतो.

प्रत्येक गटात एक हळू बोलणारी असतेच. तिचा चौकोन विसरू नका.